गुहेच्या दाराशी वानखेडे वहिनी

वानखेडे वहिनींच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य होतं, "बस जरा, मी मरून राहिली."

मी दारात उभी. हातात मंडळाच्या गणपतीची निमंत्रणपत्रिका आणि पेढ्यांचा पुडा. चंडीगढला येऊन आम्हाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात मी इथल्या मराठी मंडळाची चिटणीस होऊन बसले होते. नवं मराठी कुटुंब बदली होऊन आलं की आठ दिवसांत त्यांना गाठायचं, हा माझा शिरस्ता. वानखेडे तर आमच्याच इमारतीत राहायला आलेले. तळमजल्यावर मालकीणबाई सेठी आंटी, पहिल्या मजल्यावर वानखेडे, दुसऱ्यावर आम्ही. मला फक्त बावीस पायऱ्या उतरायच्या होत्या.

"काय होतंय वहिनी? पाणी आणू का?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही होत. डुकरानं मारलं." त्यांनी कानातला इअरफोन काढला आणि लॅपटॉपवरून नजर वर केली. "दोन मिनिटांत होते जिवंत. तू वरची नं? काय नाव तुझं?"

सत्तावन्न वर्षांच्या, सुती साडीतल्या, अंबाड्यावरून इअरफोनची वायर घेतलेल्या या बाईकडे मी बघतच राहिले. सकाळचे अकरा वाजले होते. गॅसवर कुकर होता. टेबलावर निवडलेली मेथी होती. आणि बाई डुकराकडून मेल्या होत्या.

गेम त्यांच्या मुलानं, मंदारनं, लॅपटॉपवर टाकून दिला होता. मंदार हैदराबादला नोकरीला. आई नव्या गावात दिवसभर एकटी काय करणार, म्हणून सुट्टीत येऊन त्यानं तो शिकवला. एक मोठा कल्पित मुलूख, त्यात जंगलं, गुहा, राक्षस, आणि देशभरातून हजारो माणसं एकाच वेळी आपापल्या घरी बसून त्यात वावरतात. प्रत्येकानं आपलं एक सोंग घ्यायचं. कोणी योद्धा होतो, कोणी तिरंदाज. वहिनींनी वैद्य घेतला. म्हणजे वैदीण. तिचं नाव सगुणा. तिच्या हातात एक काठी असते, तिनं जखमी माणसाला बरं करायचं, असं ते काम. त्याला त्या खेळात हीलर म्हणतात, हे मला पुढं कळलं.

आता यातली मौज अशी की हीलर हा चौघांबरोबर खेळायचा प्राणी. दुसऱ्याला बरं करण्यात तो पटाईत, पण स्वतः कोणाला मारायचं म्हटलं तर त्याच्या हातात काहीच नाही. योद्धा ज्या डुकराला चार फटक्यांत लोळवतो त्याला मारायला वहिनींना दहा मिनिटं लागत. काठीनं टुकटुक मारायचं, डुकराचा मार खायचा, स्वतःलाच बरं करायचं, पुन्हा टुकटुक. आणि वहिनी खेळत एकट्या. कोणाच्या पार्टीत, म्हणजे टोळीत, जात नसत. मंदारचा फोन आला की तो विचारायचा, "आई, तुम पार्टी क्यूँ नहीं जॉइन करती यार? सोलो ही करना था तो हीलर क्यूँ लिया?" घरात आईबाप मराठीत बोलत आणि पोरगा हिंदीत उत्तर देत असे. चंडीगढच काय, सगळ्या बदलीवाल्या घरांत हीच तऱ्हा.

"तुला काय करायचं आहे? माझी मी मरते, माझी मी जगते," वहिनी म्हणायच्या.

गणपतीलाही त्या आल्या नाहीत. मला राग आला. माझ्या चिटणीसपदाच्या कारकिर्दीत एवढं सरळ 'नाही' मला कोणी म्हटलं नव्हतं. लोक पाहुण्यांचं, तब्येतीचं निमित्त तरी सांगतात. वहिनी म्हणाल्या, "मी कोणत्या ग्रुपमध्ये नाही जात गं मेघा. राग नको मानू." आणि गणपतीच्या दिवशी सकाळी सात वाजता वानखेडे साहेब आमच्या दारात उभे. हातात मोठा स्टीलचा डबा. आत एक्कावन्न उकडीचे मोदक. वऱ्हाडातल्या बाईनं, जिच्या माहेरी तळलेले मोदक करतात, कोकणातल्या सुनेला लाजवतील अशा कळ्या काढलेल्या. साहेब खाली मान घालून म्हणाले, "ती येत नाही. पण हे तिच्याकडून. नाव नका सांगू कोणाला."

मंडळात सगळ्या विचारत होत्या, मोदक कोणी केले. मी नाव सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी रोज काही ना काही निमित्त काढून बावीस पायऱ्या उतरू लागले.

वहिनींचं घर बघण्यासारखं होतं. भिंतीला एकही खिळा नाही. देवाच्या तसबिरी, आईवडिलांचा फोटो, सगळं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांची मूळ खोकी माळ्यावर जपून ठेवलेली आणि प्रत्येक खोक्यावर स्केचपेननं लिहिलेलं, "उभं ठेवा". वानखेडे साहेब केंद्र सरकारच्या एका खात्यात होते आणि ही त्यांची नववी बदली. "खिळा ठोकला की काढतांना पोपडा येते," वहिनी म्हणायच्या. "मग मालकाचं तोंड पाहा, पुट्टी भरा. त्यापेक्षा टेकवलेलं बरं." मला आधी वाटलं ही नुसती हुशारी आहे. मग लक्षात आलं की त्या माणसांच्या बाबतीतही असंच करतात. माणसं टेकवून ठेवायची. कुठं ठोकायची नाहीत.

मी शेजारी बसून त्यांचा खेळ बघू लागले. मला त्यात काडीचं कळत नव्हतं, पण वहिनी बोलता बोलता खेळत आणि त्यांचं बोलणं मला आवडायचं. डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्या हाताची तीन, अशा सहा कळांवर त्यांचा सगळा कारभार चाले. माउस त्यांनी कधी घेतलाच नाही. "तो हातातून पळते," म्हणत.

त्या खेळात एक मोठी गुहा होती. तिच्यात एकट्यानं जाऊन भागतच नसे, पाच जणांची पार्टी लागायची. एक मार खाणारा, एक बरं करणारा, तिघं मारणारे. वहिनी आत जात नसत. त्या गुहेच्या तोंडाशी उभ्या राहात. आतून अर्धमेली, धडपडत बाहेर आलेली पार्टी दिसली की काठी उचलायची, पाचही जणांना ठणठणीत करायचं आणि त्यांनी आभार मानायच्या आत तिथून निघून जायचं. कोणी संदेश पाठवला, "जॉइन अस?" की नाकारायची कळ दाबायची. हे सगळं मी पाहिलं आणि मला एकदम तो मोदकांचा डबा आठवला.

"वहिनी, मग आतच का नाही जात? तुम्ही असता तर ते अर्धमेले झालेच नसते."

"आत गेली की ते म्हणतात उद्या ये. परवा ये. मग सवय होते." त्यांनी कुकरकडे बघितलं. "किती शिट्ट्या झाल्या?"

जबलपूरची गोष्ट त्यांनी मला हिवाळ्यात सांगितली. चंडीगढच्या त्या धुक्याच्या दिवसांत दुपारी एखादा तास ऊन पडतं. त्या तासाला सगळं शहर गच्चीवर येऊन बसतं. आम्ही दोघी गच्चीवर मटार सोलत होतो. जबलपूरला त्या सहा वर्षं होत्या, सगळ्यात लांबलेली बदली. पाच जणींचा त्यांचा एक गट होता. दर बुधवारी कोणा एकीकडे जमायचं. एकीच्या बाळंतपणात वहिनी महिनाभर तिच्याकडे झोपल्या होत्या. वहिनींचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा चौघींनी पाळ्या लावून डबे दिले होते. मग रायपूरला बदली झाली. स्टेशनवर चौघी रडल्या. वहिनी दर बुधवारी फोन करायच्या. दोनेक वर्षांनी एका लग्नासाठी त्या जबलपूरला गेल्या, मुद्दाम बुधवार गाठून.

"गेली मी. सगळ्यांनी मिठी मारली. माझ्यासाठी आलूबोंडे केले होते. पण माझ्या जागेवर एक नवीन बाई बसली होती. चांगली होती बिचारी, उठायला लागली, मीच बस म्हटलं. मग त्या हसायला लागल्या कशावर तरी. खूप हसल्या. मला सुरुवातच माहीत नव्हती नं त्या गोष्टीची. एकजण सांगायला लागली, अगं रेखा, त्याचं असं झालं... आणि सांगता सांगता तिलाच कंटाळा आला." त्यांनी एक शेंग दोनदा सोलून पाहिली. "वाईट कोणीच नाही वागलं मेघा. कोणी वाईट वागलं असतं तर मी भांडली असती. तेव्हापासून मी ठरवलं. लागेल ते करायचं सगळ्यांसाठी. पण आत नाही बसायचं."

मी जन्माची गोतावळेवाली बाई. सांगलीला असताना गल्ली, इथं मंडळ. चार माणसं जमवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. पण आमचीही बदली होणारच होती, माझे यजमान सरकारी बँकेत. माझ्या जागेवर कोण बसेल, हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. तो करायला लागल्यामुळे मला वहिनींचा जरा रागही आला.

पार्टीत त्या गेल्या ते फेब्रुवारीत, आणि त्याला कारण हरमन.

हरमन त्या खेळात मार खाणारा होता, म्हणजे सगळ्यात पुढं उभं राहून राक्षसाचे तडाखे अंगावर घेणारा. त्याची चौघांची पार्टी ठरलेली होती. हरमन स्वतः, इंदूरचा एक शाळामास्तर, आणि सिलीगुडीचं एक नवराबायकोचं जोडपं. त्यांचा हीलर खेळ सोडून गेला होता. गुहेच्या तोंडाशी उभी राहणारी सगुणा त्यांनी कितीदा तरी पाहिली होती. एका रविवारी अकरा वाजता ते पुन्हा अर्धमेले होऊन बाहेर आले, वहिनींनी त्यांना बरं केलं आणि हरमननं लिहिलं, "जी, आप कौन हैं पता नहीं। लेकिन आप हमें रोज़ मरने के बाद मिलती हैं। एक दिन पहले मिल लीजिए।"

वहिनींनी ते मला वाचून दाखवलं. मी शेजारीच होते. मी म्हटलं, "एकदाच जाऊन या. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी काहून? तू काय गुहेत राहते?" असं म्हणाल्या खऱ्या, पण कळ दाबली. होकाराची.

आत गेल्यावर त्यांचं रूपच पालटलं. कानात चौघांचे आवाज यायला लागल्याबरोबर वहिनी ताठ बसल्या. त्यांचं एक तत्त्व होतं, ते त्या दिवशी मला कळलं: ज्याला लागलं त्याला काय कोणीही औषध देते, ज्याला आता लागणार आहे त्याला द्यायला पाहिजे. कोण पुढं पळणार, कोण घाबरून उभा राहणार, कोणाला स्वतःची ताकद कळत नाही, हे त्या दहा मिनिटांत ओळखून बसल्या. नऊ गावांतली बिऱ्हाडं ज्या बाईनं मांडली तिला माणसं ओळखायला वेळ लागत नाही. आणि घाईत त्यांची हिंदी संपली. "अरे मागं सर! मागं सर नं बावा! भाजशील!" हैराण झालेल्या पंजाब्याला मराठी काय कळणार? पण ओरडण्याची तऱ्हा कळली असावी, कारण तो मागं सरला. गुहा पहिल्यांदाच पार झाली. पलीकडून चौघं ओरडत होते. वहिनींनी पदरानं कपाळ पुसलं आणि मला म्हणाल्या, "मास्तरला चष्मा लागला वाटते. दिसत नाही त्याला डावीकडचं."

त्यानंतर दर रविवारी अकरा ते साडेबारा. साहेब त्या वेळात भाजी आणायला बाहेर पडत. जाताना मला जिन्यात भेटले तर हळूच सांगत, "आज पोहे लवकर मिळाले. मॅडमची ड्यूटी आहे." त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद असायचा की मला त्या शांत माणसाचं कौतुक वाटे. बायको दर गावात थोडी थोडी आक्रसत गेलेली त्यांनी पाहिली होती आणि ती आपल्या नोकरीमुळे, हे त्यांच्या मनात होतं. मला ते एकदाच बोलले. "मी नोकरी केली, बदल्या तिनं केल्या."

हरमन डेराबस्सीला एका औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. हीलर आंटी चंडीगढच्याच आहेत असं कळल्यावर एका रविवारी संध्याकाळी तो बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन स्कूटरवरून दारात हजर. हातात पिन्नीचा, म्हणजे पंजाबी लाडवांचा, डबा. पस्तिशीचा, आडवा, पगडीवाला माणूस. वहिनींना बघून तो इतका बावचळला की आधी वाकून नमस्कार केला आणि मग म्हणाला, "आंटीजी, आप तो सच्ची में आंटी निकलीं! हम सोचते थे कोई डॉक्टर होगी।" वहिनी लाजल्या. मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. तिला त्यांनी साखरभात भरवला. हरमन जाताना दारात थबकला, भिंतीला टेकवलेल्या तसबिरींकडे पाहिलं आणि विचारलं, "ड्रिल ले आऊँ आंटी? पाँच मिनट का काम है।"

"रहने दो," वहिनी म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी खूप वेळ त्या भिंतीकडे पाहिलं हे मी पाहिलं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात ऑर्डर आली. गुवाहाटी. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना. साहेबांनी रद्द करून घ्यायची खटपट केली, जमलं नाही. मला वाटलं वहिनी रडतील, चिडतील. त्या माळ्यावर चढल्या आणि खोकी खाली काढायला लागल्या.

त्यांचं बदलीचं काम ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी वाटप. जे बरोबर न्यायचं नाही ते ज्याला उपयोगी त्याला द्यायचं, आणि ते ऑर्डर आल्यापासून चोवीस तासांत, म्हणजे मग मागं वळून बघायला नको. तुळस आणि कढीपत्ता सेठी आंटींना. लोणच्याची मोठी बरणी आणि मोदकपात्र मला. इस्त्रीवाल्याला साहेबांचे जुने कोट. धुणंभांडीवालीला गव्हाची कोठी. प्रत्येकाला देताना एकच वाक्य, "वापरशील नं? ठेवून नको देऊ." मी मोदकपात्र घेऊन वर आले आणि स्वयंपाकघरात बसून रडले. यजमान म्हणाले, बदली त्यांची झाली, तू काय रडतेस.

तीन दिवसांनी गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता हरमन आला. कारखान्याच्या कपड्यांतच, पाळी संपवून थेट. मी खालीच होते, वहिनींबरोबर काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत.

"आंटीजी, हमसे कोई गलती हुई?" तो दारातूनच म्हणाला.

"नहीं तो बेटा. बैठ."

"तो फिर आपने ग्रुप क्यों छोड़ा? सारा सामान भी बाँट दिया! मास्टरजी को अंगूठी, भाभी को सारी दवाइयाँ, मुझे लाठी। और लिख दिया, खुश रहना। हम चारों दो दिन से परेशान हैं। मास्टरजी तो कह रहे थे आंटी बीमार हैं, हमसे छुपा रही हैं।"

वहिनींनी हातातली काचेची वाटी खाली ठेवली. "अरे, बदली हो गई नं. गुवाहाटी जा रहे हैं इसी इतवार."

हरमन त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं, मी काही समजावून सांगेन म्हणून. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"तो?" तो म्हणाला. "वहाँ नेट नहीं है?"

साहेब आतून बाहेर आले आणि दारात उभे राहिले. वहिनींचं तोंड थोडं उघडं होतं. हीच बाई मला राउटरचा पासवर्ड बदलायला शिकवायची. सिलीगुडी कुठं, इंदूर कुठं, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? पण ऑर्डर आली आणि हात आपोआप वाटायला लागले. तुळस वाटली, बरणी वाटली, आणि त्याच दुपारी लॅपटॉप उघडून सगुणेची अंगठी, औषधं, काठीसुद्धा वाटून टाकली. वापराल नं, ठेवून नका देऊ. बदली झाली की सोडून जायचं, एवढंच त्यांना माहीत. यावेळी काही सोडायची गरजच नव्हती, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

आधी त्या हसायला लागल्या. साहेबही हसले. हरमनलाही हसू आलं. आणि मग वहिनी हसता हसता रडायलाच लागल्या, मोठ्यानं, तोंड न झाकता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. हरमन घाबरून उभा राहिला. त्याला वाटलं आपण काही वाईट बोललो.

"मैं लाठी वापस कर देता आंटी, पर..." तो चाचरला. "वो मैंने तोड़ दी। मेरे किस काम की थी? तोड़ो तो उसका लोहा मिलता है, मैंने ढाल बनवा ली।"

"तुम्हीच म्हणालात, ठेवून नको देऊ," मी मध्येच म्हणाले.

"दूसरी ले आएँगे," हरमन म्हणाला. "उसी गुफा के आख़िर में मिलती है। पाँच लोग चाहिए। इतवार, ग्यारह बजे।"

"इतवार को तो गाड़ी है बेटा. सवा बारह की, दिल्ली की. रहने दे, हो गया अब."

तो गेला. वहिनी पुन्हा वाटी गुंडाळायला लागल्या. म्हणाल्या, "जाणं सोपं असते गं मेघा. त्याची मला सवय आहे. कोणी जाऊ नको म्हटलं तर काय करायचं असते, ते मला माहीतच नाही. आता गेली त्यांच्यात आणि उद्या त्यांनाच कंटाळा आला, तर? पुन्हा तेच पाहायचं?"

मला म्हणावंसं वाटलं की मीही जाऊ नका म्हणते आहे, दोन वर्षं रोज बावीस पायऱ्या उतरून म्हणते आहे. पण मी तो शब्द कधी उच्चारला नव्हता, आणि त्या दिवशीही नाही उच्चारला. मला हरमनचा हेवा वाटला, हे खरं सांगते. त्यानं एका प्रश्नात जे केलं ते मला मंडळाच्या सगळ्या निमंत्रणपत्रिकांनी जमलं नव्हतं.

शनिवारी ट्रक सामान घेऊन गेला. रविवारी सकाळी मी वाटेत खायला दशम्या आणि चटणी बांधून खाली गेले तेव्हा पावणेअकरा झाले होते. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. साहेब चार बॅगा जिन्याजवळ लावून उभे. इंटरनेटचं कनेक्शन आदल्याच दिवशी काढून नेलेलं. आणि खिडकीखाली फरशीवर, साडी नीट खोचून, मांडी घालून वहिनी बसलेल्या. मांडीवर लॅपटॉप, शेजारी फोन, त्याच्यावरून नेट घेतलेलं.

मी साहेबांकडे बघितलं. ते कुजबुजले, "रात्रभर काही बोलली नाही. सकाळी उठून म्हणाली, फोन चार्ज करून द्या."

वहिनींनी मला बघितलं आणि बस म्हणून फरशी थोपटली. कानातलं एक टोक काढून माझ्या कानात घातलं. चौघांचे आवाज. मास्तर काहीतरी मोजत होते, सिलीगुडीची बाई हसत होती. सगुणेच्या हातात एक साधी लाकडी काठी होती, उसनी. तेवढ्यावर त्या पाच माणसांना सांभाळत होत्या. गुहा लांबली. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. शेवटचा राक्षस अजून अर्धा होता. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

साहेबांनी एकेक बॅग खाली नेली. चौथी नेताना फक्त घड्याळाकडे पाहिलं. टॅक्सीवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. तो पलीकडेही ऐकू गेला असावा, कारण हरमनचा आवाज आला, घाबरलेला. "आंटी? आंटीजी, गाड़ी आ गई? अभी मत जाना आंटी।"

वहिनींची बोटं थांबली नाहीत. "नाही जात," त्या म्हणाल्या. मराठीतच. "कुठं नाही जात रे बावा. आहे मी इथं." आणि असं म्हणत त्या उठल्या.

उघडा लॅपटॉप डाव्या हातावर, उजव्या हाताची तीन बोटं कळांवर. इअरफोनचं दुसरं टोक त्यांनी माझ्या कानातून काढून घेतलं, कारण आता दोन्ही कान हवे होते. नजर पडद्यावरून हलवायची सोय नव्हती. मी त्यांचं कोपर धरलं. त्यांचा फोन त्यांच्या पर्समध्ये टाकला, पर्स त्यांच्या खांद्याला अडकवली आणि जिना उतरवायला लागले. अजून पाच पायऱ्या वहिनी. अजून तीन. आता वळण. मला त्यांना कितीतरी सांगायचं होतं, पण मी पायऱ्याच सांगत होते. फाटकाशी सेठी आंटी दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. शकुनाचा एक चमचा त्यांनी वहिनींच्या तोंडात घातला, तोही त्यांनी न बघता गिळला.

साहेबांनी टॅक्सीचं दार उघडलं. मी वहिनींचं डोकं लागू नये म्हणून वर हात धरला. त्या बसल्या, लॅपटॉप मांडीवर ठेवला, आणि डावा हातही कळांवर गेला. दशम्यांचा डबा मी त्यांच्या पायाशी ठेवला. टॅक्सी सुरू झाली. साहेबांनी पुढच्या खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, चौकातलं वळण येईपर्यंत हलवत राहिले. मागच्या काचेतून मला वहिनींचा वाकलेला अंबाडा दिसत होता आणि त्यांचे ओठ भराभर हलताना दिसत होते.

त्यांनी हात हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात कामात होते.